नदी संपते तिथं काय असतं?

शाळेत ‘त्रिभुज प्रदेश’ दोन मार्कांना यायचा. ‘नदी समुद्राला मिळते तेथे गाळाचे संचयन होऊन...’ एवढं घोकायचं, शेजारी त्रिकोण काढून त्यात तीन-चार फाटे दाखवायचे, झालं. त्या त्रिकोणाच्या आत काय असतं, तिथं कोणी राहतं का, राहत असेल तर खातं काय, हे ना बाईंनी सांगितलं ना आम्ही विचारलं.

मला तो प्रश्न पडला युद्धाच्या बातम्या वाचताना. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, काळ्या समुद्रावरची युक्रेनची मोठी बंदरं अडकली आणि धान्य बाहेर काढायला डॅन्यूब नदीवरची इझमाईल, रेनी ही आडबाजूची बंदरं एकदम महत्त्वाची झाली. जुलै २०२३ मध्ये रशिया युक्रेनचं धान्य समुद्रमार्गे जाऊ देण्याच्या करारातून बाहेर पडला आणि त्या बंदरांवर ड्रोन येऊ लागले. सप्टेंबरात ड्रोनचे तुकडे नदीच्या दुसऱ्या तीरावर, रुमानियातल्या प्लाउरू या खेड्याजवळ सापडले. रुमानिया नाटोचा सदस्य, त्यामुळे खळबळ उडाली. ड्रोन कुठल्या बनावटीचा यावर रकाने भरले. ‘प्लाउर’ म्हणजे काय ते मात्र कोणी सांगितलं नाही.

रुमानियन भाषेत प्लाउर म्हणजे पाण्यावर तरंगणारी जमीन. खरोखरची, वर गवत-झुडपं उगवलेली, रानडुकरं फिरतात अशी. ती आहे डॅन्यूबच्या त्रिभुज प्रदेशात, आणि या लेखात ड्रोन कमी, प्लाउर जास्त असणार आहे. (‘त्रिभुज प्रदेश’ दरवेळी म्हणायला लांबलचक आहे, म्हणून पुढे सरळ डेल्टा म्हणतो.)

गढूळ पाण्याचं पिंप

उन्हाळ्यात टँकरचं गढूळ पाणी पिंपात भरून ठेवलं की सकाळी तळाशी बोटभर गाळ बसलेला असतो. पाणी हलतं तोवर गाळ त्याच्यासोबत फिरतो, पाणी थांबलं की खाली बसतो. डेल्टाचं मूळ शास्त्र एवढंच. फरक मापाचा आहे.

डॅन्यूब जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम पावते, दहा देशांतून सुमारे २,८५० किलोमीटर वाहते आणि सरासरी दर सेकंदाला साडेसहा हजार घनमीटरच्या आसपास पाणी काळ्या समुद्रात ओतते. आपल्या हिशेबात सांगायचं तर दहा हजार लिटरचे साडेसहाशे टँकर, दर सेकंदाला. हे पाणी रुमानियातल्या तुल्चा शहराजवळ पोचतं तेव्हा ते समुद्रसपाटीपासून चारेक मीटर उंचीवर असतं आणि समुद्र अजून सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब असतो. उतार जवळजवळ नाहीच. नदी रेंगाळते, फाटे फोडते, बाजूला सांडते, आणि रेंगाळेल तिथं गाळ टाकते.

मग आपल्या सावित्रीला, वाशिष्ठीला असा डेल्टा का नाही? एक तर त्या सह्याद्रीवरून धावत सुटतात आणि शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत समुद्रात जातात. दुसरं कारण भरती-ओहोटी. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर चढतं आणि दिवसातून दोनदा खाडी धुऊन काढतं. टाकलेला गाळ तिथं नीट बसायला मिळत नाही. काळा समुद्र बंदिस्त आहे, त्याची भरती वीतभरही नसते. तिथं गाळाला कोणी हलवत नाही. नाशिकच्या गोदावरीला डेल्टा आहे, पण तो थेट आंध्रात, बंगालच्या उपसागरावर.

डॅन्यूबचा डेल्टा साधारण ४,१५० चौरस किलोमीटरचा, म्हणजे अख्ख्या गोव्याहून मोठा. त्यातला पाचात चार भाग रुमानियात, बाकीचा युक्रेनमध्ये. आणि तो अजून तयार होतो आहे. सुलिना नावाच्या मुखाशी १८७० च्या सुमारास एक दीपगृह बांधलं, अर्थातच समुद्राच्या काठावर. दीपगृह आहे तिथंच आहे. समुद्र मात्र एक किलोमीटरहून जास्त मागे सरकलाय. बोटींना वाट दाखवायला बांधलेला मनोरा आता गावात मधोमध उभा आहे, आणि लोक तो तिकीट काढून बघायला जातात.

तीन फाटे, त्यातला एक पट्टीने आखलेला

डेल्टात नदीचे तीन मोठे फाटे होतात. उत्तरेला किलिया, हीच रुमानिया-युक्रेनची सरहद्द, आणि निम्म्याच्या आसपास पाणी हिच्यातून जातं. दक्षिणेला सेंट जॉर्ज. मधली सुलिना.

सुलिना नकाशावर पाहिली की चटकन लक्षात येतं की ही नदीची रेघ नव्हे. क्रिमियन युद्धानंतर, १८५६ मध्ये, जहाजांची वाट मोकळी ठेवायला युरोपीय देशांनी एक आयोग नेमला. त्याचा मुख्य इंजिनिअर चार्ल्स हार्टले हा इंग्रज. १८६२ ते १९०२ या चाळीस वर्षांत सुलिनाची वळणं कापून काढली, फाटा सरळ केला, लांबी साधारण पाव भागाने कमी झाली. जहाजवाल्यांचं भलं झालं. कापलेली वळणं बाजूला पडली आणि त्यांच्या काठची गावंही.

त्यातल्या एका गावाचं नाव ‘मिला २३’. जुन्या फाट्यावर मुखापासून तेविसाव्या मैलावरचं, म्हणून मैल तेवीस. आता जहाजं दुसरीकडून जातात, मैलाचे दगड बदलले, नाव तेवढं उरलं. कॅनोइंगमध्ये चार ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारा इवान पात्झाइकिन याच गावचा. ज्या गावात शेजाऱ्याकडे विरजण मागायला जायचं तरी होडी काढावी लागते, तिथून वल्हं मारणारा जगज्जेता निघावा यात नवल कसलं.

तरंगणारी जमीन

आता प्लाउर. डेल्टाच्या दीड हजारांहून जास्त चौरस किलोमीटर भागावर एकच गवत उभं आहे: बोरू. ज्याची लेखणी करून आपले पूर्वज मोडी लिहीत, त्याच घराण्यातलं. पोकळ दांडा, टोकाला तुरा, उंची माणसाच्या दुप्पट. होडीत बसून यातून जाताना डोक्यावरचा आकाशाचा पट्टा सोडला तर काही दिसत नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या बोरूच्या रानांत याची गणना होते.

बोरू पसरतो तो जमिनीखालच्या आडव्या खोडांनी. हळदीचा कंद जसा आडवा वाढत कोंब काढतो, तसा. तळ्याच्या काठाला ही खोडं आणि मुळं एकमेकांत इतकी गुंततात की त्यांची गोधडी तयार होते. वर्षानुवर्षं त्यात कुजलेला पाला, गाळ भरत राहतो आणि गोधडीची जाडी मीटरभर होते. बोरूच्या खोडांत हवेचे कप्पे असतात, शिवाय कुजणाऱ्या पाल्यातून वायू सुटतात आणि आतच अडकतात. पाण्याची पातळी वाढली की एखादे दिवशी ही गोधडी तळापासून सुटते आणि वर येते. हा झाला प्लाउर. काही प्लाउर काठाला चिकटून राहतात, काही वाऱ्याबरोबर तळ्यात हिंडतात. काल मोकळी असलेली पाणवाट आज बंद, असं तिथं होतं.

याचा उपयोग कोणाला? पेलिकनला. गळ्याखाली झोळी असलेला हा पाणपक्षी आपल्याकडेही हिवाळ्यात मोठ्या तळ्यांवर दिसतो. पांढऱ्या पेलिकनची युरोपातली सर्वांत मोठी वसाहत डॅन्यूब डेल्टात आहे, हजारो जोड्यांची. पेलिकन जमिनीवर घरटं करतो. ज्या जागी दर वसंतात पूर येतो तिथं जमिनीवर अंडी घालणं म्हणजे वाहून जाण्याची हमी, आणि कोरड्या उंचवट्यावर घालावीत तर कोल्हे आहेत. प्लाउर दोन्हींवर तोड आहे. पाणी चढलं की घरटंही चढतं, उतरलं की उतरतं, आणि चहूबाजूंना पाणी असल्यामुळे कोल्ह्याला सहज पोचता येत नाही. कोल्हा म्हणजे आपल्या उसाच्या फडात दिसतो तोच, सोनेरी कोल्हा. डेल्टात तो अलीकडे चांगलाच बोकाळलाय.

पेलिकन मासेमारी कशी करतात ते बघण्यासारखं असतं. आठ-दहा पक्षी पाण्यावर अर्धवर्तुळ धरतात आणि उथळाच्या दिशेने सरकतात, मधूनच पंख आपटत. मासे पुढे पुढे रेटले जातात. मग सगळे एकदम, खरोखर एका क्षणी, चोची पाण्यात खुपसतात. कोकणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. जाळं तेवढं प्रत्येकाच्या गळ्यात बांधलेलं.

तळ्याच्या उघड्या पाण्यावर दुसरंच जग. पांढरी आणि पिवळी कुमुदं, त्यांच्या पानांवर काटक्या रचून घरटं करणारे कल्लेदार सुरय. पाण्यावर पसरलेला शिंगाडा, उपासाच्या पिठातल्या आपल्या शिंगाड्याचा सख्खा भाऊ. आणि अल्ड्रोव्हांडा नावाची एक चमत्कारिक वनस्पती. हिला मुळंच नाहीत. फार तर वीतभर दोरीसारखी पाण्यात तरंगते आणि तिच्या दोरीवर चाकाच्या आऱ्यांसारखी इवली पानं असतात. पाण्यातला बारीक किडा पानाला लागला की पान शिंपल्यासारखं मिटतं आणि किडा पचवून टाकतं. जगभरात दुर्मिळ झालेली ही वनस्पती डेल्टाच्या शांत तळ्यांत टिकून आहे.

पक्ष्यांची यादी तीनशेच्या वर जाते, ती इथं देत नाही. छोटा पाणकावळा, मोर शराटी, चमचा, रातबगळा, पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड ही नावं पुरेत. बगळ्यांबद्दल मात्र एक सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर बगळ्याचे तुरे खोचायची फॅशन होती, आणि त्यापायी डेल्टातले पांढरे बगळे जवळपास संपले होते. फॅशन गेली, बगळे परतले.

दोन मीटर म्हणजे डोंगर

इथं जमिनीची उंची सेंटिमीटरमध्ये मोजावी लागते. अर्धा मीटर खाली असलात तर कुमुदं, पाण्याच्या बरोबरीला बोरू आणि पाणकणीस, थोडं वर गेलात तर वाळुंज आणि पांढरा पॉपलर. दोन मीटर वर, तर चक्क ओकचं जंगल.

लेतेआ हे ते जंगल. जुन्या समुद्रकिनाऱ्याच्या वाळूच्या टेकड्या, त्यातली सर्वांत उंच बारा-तेरा मीटर. टेकड्यांच्या मधल्या खोलगट घड्यांमध्ये ओल धरून राहते आणि तिथं ओक, ॲश यांची झाडी माजते. त्यांच्यावर चढलेल्या वेली बघून युरोपात आहोत यावर विश्वास बसू नये. त्यातली एक, पेरिप्लोका, रुईच्या कुळातली, मूळची दक्षिणेकडची. १९३८ पासून हे जंगल राखीव आहे.

लेतेआची भानगड म्हणजे घोडे. १९८९ मध्ये साम्यवादी राजवट कोसळली, सामुदायिक शेतं मोडीत निघाली आणि त्यांवरचे घोडे सोडून दिले गेले. ते वाढले, रानटी झाले, राखीव जंगलाची रोपटी आणि साली खाऊ लागले. पर्यटकांना घोडे हवेत, वनस्पतिशास्त्रज्ञांना जंगल. घोडे कमी करायचं म्हटलं की प्राणिप्रेमी रस्त्यावर येतात. आपल्याकडच्या मोकाट गुरांच्या आणि भटक्या कुत्र्यांच्या चर्चा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना या वादाचा सूर तोंडपाठ असेल.

चढणीचे मासे आणि महागडी गाबोळी

पहिल्या पावसात ओहोळ भरून वाहायला लागले की मासे उलटे चढून भातखाचरात येतात आणि तिथं अंडी घालतात. कोकणात यांना चढणीचे मासे म्हणतात, आणि त्या रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन गाव बाहेर पडतं. डॅन्यूबचं कार्प नेमकं हेच करतं, फक्त एप्रिल-मेमध्ये. आल्प्सचा बर्फ वितळतो, वरच्या खोऱ्यात पाऊस पडतो, नदी काठाबाहेर सांडते आणि गवताळ मैदानांवर कोमट, उथळ पाणी साचतं. कार्प तिथं येऊन बुडालेल्या गवताला अंडी चिकटवतं. पिल्लांना तिथं खाणं मुबलक आणि मोठे शिकारी मासे कमी. पाणी उतरायच्या आत पिल्लं नदीत परततात.

माझ्या मते डेल्टा समजून घ्यायचा असेल तर पेलिकन नंतर, आधी ही गोष्ट समजायला हवी. आपण पुराला आपत्ती म्हणतो. डेल्टाच्या संसारात पूर हा वर्षातून एकदा होणारा पगार आहे. गाळ, मासे, बोरूची वाढ, प्लाउरचं सुटणं, सगळं त्या पगारावर चालतं. तो एक वर्ष कमी आला तर उसनवारीने निभतं. कायमचा बंद झाला तर घर बसतं.

दुसरा मासा स्टर्जन. वीस कोटी वर्षांपासूनचं घराणं, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या ढालींच्या रांगा. यातला बेलुगा पूर्वी सहा मीटरपर्यंत वाढलेला आणि टनापेक्षा जड सापडल्याच्या नोंदी आहेत. कॅव्हिअर म्हणतात ती याची खारवलेली गाबोळी. मादी अंडी घालण्याजोगी व्हायलाच पंधरा-एक वर्षं लागतात, आणि गाबोळी काढायची तर मादी मारावी लागते. हिशेब कुठं जाणार ते उघड आहे.

त्यात धरणं आली. स्टर्जन समुद्रात राहतो आणि अंडी घालायला नदीत शेकडो किलोमीटर वर चढतो. एके काळी तो हंगेरीच्याही पलीकडे जाई. रुमानिया आणि तेव्हाच्या युगोस्लाव्हियाने ‘आयर्न गेट्स’ या डॅन्यूबवरच्या घळीत १९७२ मध्ये एक आणि खाली १९८४ मध्ये दुसरं धरण बांधलं. आता समुद्राकडून येणाऱ्या माशाची वाट ८६३ व्या किलोमीटरला भिंतीशी संपते. २००६ मध्ये रुमानियाने रानटी स्टर्जनच्या मासेमारीवर बंदी घातली आणि पुढे ती वाढवत नेली. चोरटी मासेमारी अजूनही पकडली जाते.

धरणाने मासा अडवला, तसा गाळही अडवला. नदी आज पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी गाळ समुद्राशी आणते. सुलिनाजवळ जमीन पुढे सरकली असली तरी किनाऱ्याच्या बऱ्याच पट्ट्यांत समुद्र आता जमीन खातोय.

‘पण ही तर पडीक जमीन! शेती केली तर बिघडलं काय?’

हा प्रश्न रुमानियाचा साम्यवादी हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू यालाही पडला होता. १९८३ मध्ये त्याच्या सरकारने डेल्टाचा पद्धतशीर ‘उपयोग’ करायची योजना आणली: बांध घाला, आतलं पाणी पंपाने उपसा, धान्य पिकवा, मत्स्यतळी करा. अशा बांध घालून कोरड्या केलेल्या जमिनीला पोल्डर म्हणतात. आपली खारबंदिस्ती याच जातीची, मात्र शेतकऱ्याच्या आवाक्यातली. डेल्टातलं एकट्या पार्दिनाचं पोल्डर सुमारे २७ हजार हेक्टरचं.

पहिली काही पिकं चांगली येतात, कारण शतकांचा गाळ साठलेला असतो. नंतर तीन गोष्टी होतात. कुजलेल्या पाल्याची जमीन वाळली की आकसते आणि खचते, मग पंपाने पाणी अजून खोलातून उपसावं लागतं. पुराचं पाणी वरून धुऊन जात नाही, त्यामुळे खालचे क्षार केशाकर्षणाने वर येतात. सांगली-कोल्हापूरकडची क्षारपड रानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पांढरं मीठ फुटलेली जमीन कशी दिसते ते सांगायला नको. आणि नवा गाळ येत नसल्याने खताचा खर्च सुरू होतो. नदी जे फुकट देत होती ते आता डिझेल, वीज आणि पोत्यांत विकत घ्यायचं.

राजवट १९८९ च्या डिसेंबरात गेली. १९९० मध्ये डेल्टा राखीव जीवावरण क्षेत्र जाहीर झाला, १९९१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मग उलटा प्रयोग झाला: १९९४ मध्ये बाबिना आणि १९९६ मध्ये चेर्नोव्का या पोल्डरांचे बांध मुद्दाम फोडले. बाबिना २,१०० हेक्टरचं. कोणी रोपं लावली नाहीत, मासे सोडले नाहीत. नदी आत आली, तिच्यासोबत बी आणि मासळी आली, काही वर्षांत बोरू उभा राहिला आणि पक्षी उतरले. सगळी पोल्डरं अशी मोकळी झालेली नाहीत. पार्दिनात आजही शेती चालते, आणि ती कसणाऱ्यांना ती पडीक व्हायला नको आहे.

युक्रेनच्या बाजूला येर्माकोव बेटावर तर २०१९ मध्ये म्हशी सोडल्या. हो, म्हशी. कारण बोरू माजला की तो सगळं पाणी झाकतो. म्हैस त्यात घुसते, तुडवते, डुंबायला खड्डा करते, आणि त्या उघड्या डबक्यात बेडूक, मासे, बगळे येतात. आपल्याकडे म्हैस पाण्यात बसली की आपण तिला आळशी म्हणतो.

‘पक्षी सोडा, माणसांना काय मिळतं?’

गाळलेलं पाणी. वरच्या देशांतल्या शेतातलं खत आणि शहरांचं सांडपाणी नदीतून खाली येतं. बोरूचं रान म्हणजे मोरीच्या जाळीसारखं. पाणी मंदावतं, गाळासोबत फॉस्फरस तळाशी बसतो. नायट्रोजनचं काम सूक्ष्म जिवाणू करतात: ते पाण्यातल्या नायट्रेटचं वायूत रूपांतर करून हवेत सोडून देतात. ही जाळी जेव्हा बांधांनी अर्धवट बुजवली आणि त्याच काळात, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांत, खतांचा मारा वाढला, तेव्हा काळ्या समुद्राच्या वायव्य भागात शेवाळ माजून तळाचा प्राणवायू संपला आणि तिथले जीव मोठ्या प्रमाणात मेले. साम्यवादी शेती कोसळल्यावर खतं कमी झाली आणि समुद्र थोडा सावरला.

बोरू कापून विकताही येतो. हिवाळ्यात पाणी गोठल्यावर तो कापतात, पश्चिम युरोपात घरांच्या छपरांना त्याला मागणी आहे. यातही हावरटपणा झाला आहे. १९५०-६० च्या दशकांत कागदाच्या लगद्यासाठी साखळीचाकांची अवजड यंत्रं घालून कापणी केली. यंत्रांनी खालची आडवी खोडंच चिरडली आणि पुढे उत्पादन घटलं. त्याच काळात पेरिप्रावा इथल्या छावणीत राजकीय कैद्यांकडून बोरू कापून घेत, आणि त्यातले कित्येक तिथंच मेले.

‘पेलिकन मासे संपवतात. आणि डास?’

पेलिकन दिवसाला किलो-सव्वा किलो मासे खातो हे खरं, आणि तिथल्या कोळ्यांचा त्याच्यावर जुना राग आहे हेही खरं. पण पेलिकन डेल्टात हजारो वर्षं आहेत. मासळी घटली ती गेल्या साठ-सत्तर वर्षांत, आणि या काळात नवीन काय आलं ते वर आलंच आहे: बांध, धरणं, खतं, जास्तीची मासेमारी. अंडी घालायची मैदानं बंद केल्यावर दोष पक्ष्याच्या झोळीवर ढकलणं सोपं पडतं.

कोळ्यांची बाजूही ऐकायला हवी. डेल्टाच्या जुन्या रहिवाशांत लिपोवान लोक आहेत. सतराव्या शतकात रशियन चर्चने विधींत बदल केले, क्रूसाची खूण दोन बोटांऐवजी तीन बोटांनी करायची असं ठरवलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचा छळ झाला आणि त्यातले बरेच अठराव्या शतकात या चिखलात येऊन लपले. इथं पोलीसच काय, रस्ताही पोचत नव्हता. आजही सुलिनाला जायचं तर बोटीनेच. दाढी राखलेले, निळ्या रंगात रंगवलेल्या घरांत राहणारे हे लोक अजूनही दोन बोटांनीच खूण करतात. राखीव क्षेत्र झाल्यावर त्यांच्या मासेमारीवर परवाने, हंगाम, बंद क्षेत्रं आली. आजोबांनी जाळं टाकलं त्या तळ्यात नातवाने पाय ठेवायचा नाही, आणि शहरातल्या पर्यटकाची मोटरबोट मात्र शेजारून लाटा उठवत जाते. यावर चिडायला त्यांना कारण आहे. संपूर्ण डेल्टात मिळून जेमतेम दहा-पंधरा हजार माणसं उरली आहेत आणि तरुण तुल्चाला किंवा परदेशी जातात.

डासांचं म्हणाल तर ते आहेत. भरपूर आहेत. जूनमध्ये संध्याकाळी बाहेर बसायची हौस कोणी करू नये.

जहाजं आणि खोली

युक्रेनला स्वतःच्या हद्दीतून समुद्रात जायची वाट हवी असते. म्हणून २००४ मध्ये किलियाच्या बिस्त्रोए या उपफाट्यातून जहाजांचा कालवा उघडला. रुमानियाने विरोध केला, कारण एक फाटा खोल केला की पाणी तिकडे ओढलं जातं आणि बाकीच्या फाट्यांना, तळ्यांना कमी पडतं. पत्र्याच्या डब्याला तीन भोकं असतील आणि एक मोठं केलं तर उरलेल्या दोन धारा बारीक होतात, तसं. युद्धात धान्य बाहेर काढायची निकड आली आणि हा वाद पुन्हा तापला. उपाशी देशांना गहू पोचवायचा की पेलिकनची तळी भरायची, असा प्रश्न समोर ठेवला तर कोणीही गहू म्हणेल. अडचण अशी की खोल केलेला तळ युद्ध संपल्यावर आपोआप भरून येत नाही.

सोलापूरच्या ज्वारीत

यात आपलं काय, असं कोणी विचारलं तर मी भोरड्यांकडे बोट दाखवतो. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. पळसमैना म्हणतात तीच. ज्वारीला दाणा भरला की हजारोंनी येते. आमच्या रानात आजोबा माळ्यावर गोफण घेऊन बसायचे. दगड सुटला की सगळा थवा एकदम उठायचा, चादर झटकल्यासारखा, आणि शेजाऱ्याच्या तुकड्यात जाऊन बसायचा. मग शेजाऱ्याची गोफण.

भोरडीची वीण आपल्याकडे होत नाही. ती मध्य आशियापासून आग्नेय युरोपापर्यंत पसरलेल्या गवताळ, खडकाळ मुलखांत पिल्लं काढते, आणि त्या पट्ट्याचं पश्चिमेचं टोक म्हणजे डॅन्यूब डेल्टाला दक्षिणेकडून लागून असलेला दोब्रुजा. तिथं दगडाच्या खाणींत, खडकांच्या फटींत तिच्या वसाहती असतात. बोरूत ती घरटं करत नाही, तिचं खाणं टोळ आणि नाकतोडे, त्यामुळे तिथला शेतकरी तिच्यावर खूश. काळ्या डोक्याचा भारीट हा पिवळ्या पोटाचा चिमणीएवढा पक्षीही तसाच: उन्हाळ्यात दोब्रुजाच्या झुडपांत गातो, हिवाळा पश्चिम आणि मध्य भारतातल्या पिकांत काढतो.

मार्चअखेर पांगारा फुलतो तेव्हा भोरड्या त्यावर मधासाठी भांडत असतात, तोंडं परागांनी पिवळी करून. एप्रिलात एका सकाळी झाड रिकामं असतं. त्याच दिवसांत तिकडे, तुल्चाच्या खाली, पाणी चढत असतं आणि कार्प गवतात शिरत असतं.